घरगुती बंदूक, सिंधुदुर्ग किनारपट्टीतील

घराच्या, गुराढोरांच्या व शेतीच्या राखणीसाठी कुटुंबात बाळगलेल्या, खांद्याला लावून झाडावयाच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीस सामान्यतः घरगुती बंदूक म्हणतात. सैनिकी रायफलीच्या नळीत आटे असतात व तीतून एकच गोळी सुटते. घरगुती बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते व तीतून बहुधा छर्ऱ्यांचा झोत सुटतो. मालवण, वेंगुर्ले, देवगड, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, वैभववाडी व दोडामार्ग या तालुक्यांच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात (स्थापना १ मे १९८१) ठासणीची बंदूक व काडतुसाची बंदूक असे तिचे दोन प्रकार आढळतात. कोणत्या घरात बंदूक असावी, ती कोणत्या जातीची असावी व ती कशावर झाडावी, हे प्रश्न या प्रदेशात मालकाच्या आवडीपेक्षा राज्यकर्त्यांच्या विश्वासावर किंवा अविश्वासावर अधिक अवलंबून राहिले. घरगुती बंदुकीचा येथील इतिहास हा बव्हंशी अनुज्ञेचा इतिहास आहे.

प्रारंभ : कोकण किनाऱ्यावर बंदुकीचा प्रसार सोळाव्या शतकात झाला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर तेथील शस्त्रशाळेत स्थानिक लोहारांकडून बंदुका घडविल्या जाऊ लागल्या. आफोंसू द अल्बुकर्क याने पोर्तुगालच्या राजास लिहिलेल्या पत्रांत या कारागिरांच्या कौशल्याची वाखाणणी केलेली आहे. या काळातील बंदूक तोड्याची होती. चाप ओढला म्हणजे पेटत्या सुताच्या तोड्याचे टोक कानावरील दारूस लागे व बार उडे. वर्षाकाठी सु. ३,००० मिमी. पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात तोडा विझणे व दारू सर्द होणे ही नित्याची अडचण होती. त्यामुळे पावसाळ्यात घराची राखण तलवार, भाला, कोयता व कुत्रा यांवरच मुख्यतः अवलंबून असे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणजवळील कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू केले व ते १६६७ मध्ये पूर्ण झाले. पुढील दीड शतकात मराठी सत्ता, सावंतवाडीचे भोसले, करवीर राज्य, पोर्तुगीज व इंग्रज यांच्या झगड्यांत हा किनारा सतत सशस्त्र राहिला. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले व पुढील वर्षी तो परत केला. या काळात खाजगी व सरकारी शस्त्र यांत काटेकोर भेद नव्हता. गडावर चाकरी करणारा शिबंदीचा माणूस घरी परतताना शस्त्रासह परते. गावच्या वतनदाराकडील बंदूक ही त्याच्या घराचे संरक्षण करी आणि प्रसंगी धन्याच्या फौजेतही उभी राही. शस्त्र हा हक्क होता त्याहून अधिक ते चाकरीचे साधन होते.

निःशस्त्रीकरण : १८१२ मध्ये करवीरकरांकडून मालवण व सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांकडे आले, पेशवाईच्या अखेरीनंतर देवगडचा भागही त्यांच्या अंमलाखाली आला. सावंतवाडी संस्थानाचा कारभार त्यांनी १८३८ पासून आपल्या अधिकाऱ्यांमार्फत चालविला. करवीर राज्यातील गडकऱ्यांच्या उठावाचे पडसाद १८४४ मध्ये सावंतवाडीत उमटले. फोंड सावंत तांबुळकर व त्यांचे साथीदार यांनी मनोहर व मनसंतोष या गडांच्या आश्रयाने लढा दिला. तो मोडण्यास १८४५ उजाडले. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेली दाट राने व त्यांत वावरणारे बंदूकधारी यांचा हा अनुभव इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्मरणात राहिला.

१८५७ च्या उठावानंतर शस्त्रांविषयीचे अधिनियम प्रथम १८५७ मध्ये व नंतर १८६० मध्ये करण्यात आले. लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत १८७८ चा भारतीय शस्त्र अधिनियम संमत झाला व परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा सर्व ब्रिटिश मुलखात अपराध ठरला. या अधिनियमाखालील नियमांनी यूरोपीयांना परवान्याच्या अटीतून सूट दिली होती. एकाच गावातील गोऱ्या मळेवाल्यास बंदूक मोकळी व शेजारच्या खोतास ती बंद, हा भेद भारतीयांना अपमानकारक वाटला. राष्ट्रीय सभेने आपल्या प्रारंभीच्या अधिवेशनांपासूनच या अधिनियमाविरुद्ध ठराव केले. वांशिक सूट १९१९–२० च्या सुमारास काढून टाकण्यात आली आणि १९२४ मध्ये नवे नियम आले. या नियमांत पिकांच्या रक्षणासाठी द्यावयाच्या परवान्याची स्वतंत्र सोय होती.

आजच्या जिल्ह्याच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. मालवण, वेंगुर्ले व देवगड हे भाग ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात होते, तर सावंतवाडी व कुडाळ हे भाग संस्थानात होते. दक्षिणेस तेरेखोलपलीकडे पोर्तुगीज अंमल होता. एकाच खोऱ्यात तीन राजवटींचे शस्त्रविषयक नियम चालत. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्यानंतरच या साऱ्या प्रदेशास एक कायदा लागू होण्याचा मार्ग खुला झाला.

स्वातंत्र्योत्तर कायदा : राष्ट्रीय सभेच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क समाविष्ट होता. तथापि संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क संविधानात घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. परकी सत्तेने जनतेस निःशस्त्र केले होते म्हणून ती मागणी त्या काळी योग्य होती. स्वतंत्र राज्यात गुन्हेगारासही असा हक्क मूलभूत म्हणून देता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ती सूचना फेटाळली गेली. बंदूक बाळगणे हा भारतात मूलभूत हक्क न होता कायद्याने द्यावयाची अनुज्ञा राहिली.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. घरगुती बंदुकीच्या इतिहासात त्याच्या तेराव्या कलमास विशेष महत्त्व आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, किमान २० इंच (५०·८ सेंमी.) लांबीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना आणि पिकांच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, अपात्रतेची कारणे नसल्यास, परवाना अधिकाऱ्याने द्यावा, असे हे कलम सांगते. ठासणीची बंदूक पिकाच्या रक्षणास अपुरी आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूकही देता येते. यामुळे निवडीचा मुख्य प्रश्न कायद्यानेच सोडविला. पिस्तूल व रायफल यांच्या मानाने गुळगुळीत नळीची बंदूक राज्यसंस्थेस कमी धोक्याची वाटली. कारण ती लांब असल्याने लपविता येत नाही व तिचा पल्ला अल्प असतो. नळी कापून आखूड करणे हा त्याच कारणाने स्वतंत्र अपराध ठरविण्यात आला.

बंदुकीचे प्रकार व निवड : ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून प्रथम काळी दारू, नंतर काथ्या, चिंधी वा कागद यांचा बोळा, त्यावर छर्रे व पुन्हा बोळा घालून ते सर्व गजाने ठासतात. मागील बाजूस असलेल्या पोकळ बोंडीवर केप बसवितात. चाप ओढताच घोडा केपेवर आपटून ठिणगी आतील दारूपर्यंत पोहोचते. ही बंदूक स्वस्त व दुरुस्तीस सोपी असते. परंतु तिच्यात मोठी उणीव आहे. एक बार झाल्यावर ती पुन्हा भरण्यास बराच वेळ लागतो व एकदा भरल्यावर ती सहज रिकामी करता येत नाही. परिणामतः ती अनेक घरांत भरलेल्या स्थितीतच ठेवली जाई. पिकाजवळच्या मांगरात रात्रभर बसणाऱ्या राखणदारास हे चालण्याजोगे असले, तरी मुलेबाळे असलेल्या घरात तो कायमचा धोका असे.

मागून भरावयाची बंदूक एकोणिसाव्या शतकात यूरोपात विकसित झाली. १८३६ मध्ये फ्रान्समध्ये लफोशे याची काडतुसाची बंदूक पुढे आली, १८६०–७० या दशकात मध्यभागी आघात होणारे काडतूस रूढ झाले व १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये अँसन व डीली यांनी बाह्य घोडा नसलेली रचना सिद्ध केली. नळी मोडून मागून काडतूस घालणे व तितक्याच सहजपणे ते काढणे या बंदुकीत शक्य झाले. घराच्या दृष्टीने हा बदल बाराच्या वेगापेक्षाही मोलाचा होता. कारण बंदूक रिकामी व काडतूस वेगळे ठेवता येऊ लागले.

नळीचा व्यास ‘बोर’ने दर्शवितात. ज्या नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, ती बारा बोरची नळी होय. तिचा व्यास सु. १८·५ मिमी. असतो. बारा बोर हा भारतात सर्वाधिक प्रचलित आहे. त्याची काडतुसे सहज मिळणे हे त्याच्या निवडीचे प्रमुख कारण होय. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) बारा बोरची काडतुसे तयार होतात, तर पश्चिम बंगालमधील इच्छापूर येथील रायफल कारखान्यात दुनळी बंदुका तयार होत आल्या आहेत. हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून शासकीय कंपन्यांकडे सोपविण्यात आले. बिहारमधील मुंगेर येथील खाजगी कारागीरही परवान्याने बंदुका बनवितात. एकनळी बंदूक हलकी व स्वस्त असते. दुनळीत दुसरा बार तत्काळ उपलब्ध असतो व दोन नळ्यांत भिन्न प्रकारची काडतुसे ठेवता येतात.

नळीच्या तोंडाशी असलेल्या आकुंचनास ‘चोक’ म्हणतात. पूर्ण चोक असलेल्या नळीतून सुटलेल्या छर्ऱ्यांपैकी सु. ७० टक्के ४० यार्डांवर (सु. ३६·५ मी.) ७६ सेंमी. व्यासाच्या वर्तुळात पडतात. चोक नसलेल्या नळीत हे प्रमाण सु. ४० टक्के असते. उघड्या कुणग्यात दूरच्या सावजासाठी चोक उपयोगी पडतो, घराच्या आवारात त्याचे प्रयोजन नाही. छर्ऱ्यांच्या झोताने नेम न धरताही काम होते, असा लोकांत समज आहे. तो बरोबर नाही. पडवीपासून खळ्यापर्यंतच्या अंतरात छर्रे फारसे पसरत नाहीत, त्यामुळे नेम चुकल्यास बार पूर्णपणे वाया जातो व भलत्यास लागू शकतो. कोकणी घराच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतीत छर्रे अडतात; परंतु लाकडी फळ्या, कुडाच्या भिंती व कौलांखालची मोकळी जागा यांतून ते पार जातात. माजघरात झोपलेल्या माणसांचा विचार न करता ओटीवरून झाडलेली बंदूक म्हणूनच रक्षकापेक्षा घातक ठरते.

दस्ता खांद्यास योग्य बसणे हेही निवडीचे एक गमक आहे. कोपर वाकवून दस्त्याचे टोक त्याच्या बेचक्यात टेकविले असता तर्जनी चापापर्यंत सहज पोहोचली पाहिजे, हा त्याचा पारंपरिक अदमास होय. फार लांब दस्ता घाईत कपड्यात अडकतो व फार आखूड दस्त्यामुळे बाराचा धक्का चेहऱ्यास बसतो.

देखभाल व सुरक्षितता : समुद्राकडील खारी हवा व पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे पोलादी नळी लवकर गंजते. काळी दारू वापरल्यानंतर उरणारा मळ पाणी ओढून घेतो. म्हणून प्रत्येक वापरानंतर नळी पुसून, कोरडी करून तेल लावणे आवश्यक असते. दीर्घकाळ पडून असलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. अशा अडथळ्यासह बार उडविल्यास नळी फुटून मालकासच इजा होते. यास्तव प्रत्येक वेळी नळीतून आरपार पाहण्याचा नियम जाणकार पाळतात. सर्दावलेली काडतुसे उडत नाहीत किंवा उशिरा उडतात. चाप ओढूनही बार न झाल्यास नळी सुरक्षित दिशेस धरून काही वेळ थांबावे लागते.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या अर्जदारास सुरक्षितताविषयक प्रशिक्षण व शस्त्र सुरक्षित जागी ठेवण्याची हमी या गोष्टी आवश्यक केल्या. बंदूक रिकामी व कुलुपात, काडतुसे वेगळ्या कुलुपात आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाजवळ, ही पद्धत घरातील अपघात टाळण्यास सर्वांत परिणामकारक मानली जाते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली व समारंभात हर्षाने केलेला निष्काळजी गोळीबार हा अपराध ठरविला.

संरक्षणाच्या हक्काची मर्यादा : परवाना मिळाल्याने बंदूक झाडण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. खाजगी संरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेत आला आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घरास आग लावणे, किंवा ज्यामुळे मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती उत्पन्न होईल असा गृहप्रवेश, अशा प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणार्थ हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. तथापि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही व शासकीय अधिकाऱ्यांचे साहाय्य घेण्यास अवधी असल्यास हा हक्क उरत नाही. बागेतील नारळ वा आंबे चोरून पळणाऱ्यावर गोळी झाडणे या मर्यादेत बसत नाही.

परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. मुंबईस चाकरीनिमित्त राहणाऱ्या चाकरमान्याच्या नावावर परवाना व गावच्या घरी वृद्ध आईवडील, अशी स्थिती असल्यास त्या बंदुकीचा घरास कायदेशीर उपयोग होत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याची बंदूक वारसांकडे आपोआप येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसास स्वतःच्या नावे परवाना मागावा लागतो. हे न केल्यास आजोबांची म्हणून पोटमाळ्यावर जपलेली ठासणीची बंदूकही बेकायदा शस्त्र ठरते. निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीच्या निर्णयानुसार परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात. हा काळ पीक उभे असण्याच्या काळाशी जुळला, तर राखणीची अडचण होते, असे गाऱ्हाणे शेतकरी मांडत आले आहेत.

पिकांचे रक्षण व वन्य जीव : जिल्ह्यातील घरगुती बंदुकीचा खरा शत्रू चोर नसून बहुधा रानडुक्कर राहिला आहे. भात, नाचणी, वायंगण शेती, सुरण व कंदमुळे यांची नासाडी एका रात्रीत होते. वानर व माकडे नारळ, केळी व काजू यांचे नुकसान करतात. बंदुकीचा बार हा यांना पिटाळण्याचा जुना उपाय होता. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आणली. १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या हाती जी बंदूक दिली, तिचे बहुतेक लक्ष्य पुढील तेरा वर्षांत दुसऱ्या कायद्याने संरक्षित केले. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणार्थ सद्‌भावनेने वन्य प्राण्यास मारणे हा अपराध नाही. मात्र पिकासाठी रानडुक्कर मारावयाचा झाल्यास वनाधिकाऱ्याची अनुज्ञा लागते. गवा व हत्ती यांना सर्वोच्च संरक्षण आहे. २००२ मध्ये कर्नाटकातून दोडामार्ग तालुक्यात हत्ती आले व तेव्हापासून त्यांचा उपद्रव या भागास अधूनमधून जाणवत आला आहे. घरालगतची केळीची बाग हत्ती तुडवीत असता घरातील बंदुकीचा उपयोग केवळ आवाजापुरता उरतो.

अवैध शिकारीसाठी बिनपरवाना गावठी बंदुका वापरल्या जातात व अंधारात माणसास सावज समजून बार झाडला गेल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना जिल्ह्यात घडल्या आहेत. अशा घटनांत मरणारा बहुधा त्याच टोळीतला किंवा त्याच गावचा असतो. परवाना, प्रशिक्षण व नोंदणी यांबाबतचा शासनाचा कडकपणा आणि राखणीचे साधन हिरावले गेल्याची शेतकऱ्याची भावना, या दोहोंना येथील अनुभवाचा आधार आहे.

सद्यःस्थिती : वीज, दूरध्वनी व रस्ते यांमुळे वाडीतील एकाकी घराची पूर्वीची असहायता कमी झाली आहे, दुसरीकडे स्थलांतरामुळे बंद वा केवळ वृद्धांच्या वस्तीची घरे वाढली आहेत. पीकरक्षणासाठी सौर कुंपण, चर, आवाजाची साधने व शासकीय नुकसानभरपाई हे पर्याय पुढे आले आहेत. तरीही सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत बंदुकीच्या परवान्याची मागणी टिकून आहे. संस्थानी चाकरीचे चिन्ह, परकी सत्तेच्या संशयाचा विषय व शेतकऱ्याचे राखणीचे साधन अशा तीन अवस्थांतून गेलेली ही वस्तू आज अनेक घरांत वारसा म्हणून उरली आहे. ती झाडण्याचे प्रसंग जसे विरळ झाले, तशी ती नीट सांभाळण्याची जबाबदारी मात्र वाढली आहे.